अर्धा ओहम

गोडोली, सातारा
रविवार, दुपार

प्रिय यशराज,

'प्रिय' हा शब्द मी आयुष्यात फक्त तुझ्या आईला लिहिला. तोही निळ्या आंतरदेशीय पत्रावर, आणि तोही युनिटमधल्या सगळ्यांची पत्रं अशीच सुरू व्हायची म्हणून. तुला लिहायची वेळच आली नाही. तू घरातच असायचास, हाक मारली की समोर येऊन उभा राहायचास. आता तीन वर्षं झाली, हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर तू नाहीस, म्हणून हा कागद. फोन का केला नाही असं म्हणशील. गेल्या तीन दिवसांत तीनदा लावला. तिन्ही वेळा तू उचललास, 'बोला तात्या' म्हणालास, आणि तिन्ही वेळा माझ्या तोंडून एकच निघालं, की फोन उचलायला एवढा वेळ लागतो का. मग मीच ठेवून दिला. माझ्या आवाजाला दुसरं काही येतच नाही. हात त्यामानानं बरा, लिहिताना निदान थांबता येतं.

आधी बातम्या. माझी तब्येत ठणठणीत आहे. सकाळी अजिंक्यताऱ्यावर जातो, पण हल्ली अर्ध्या वाटेवरून परत फिरतो आणि खाली भेटणाऱ्यांना पार वरपर्यंत जाऊन आलो म्हणून सांगतो. शेजारच्या रंगुबाई दुपारचा डबा देतात. भाजीत मीठ कमी असतं. तसं त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, 'मीठ बरुबर हाय, तुमच्याच जिभंला तिखट लय झालंय.' तुझ्या आईची असं बोलायची छाती कधी झाली नाही. पोवई नाक्याजवळचा माझा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा गाळा आता मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याकडे आहे. तो मला काका म्हणतो, खुर्ची पुढं करतो, मी बसत नाही. तू चाकणला एका कंपनीत दिवसभर बोल्ट मोजून पेट्यांत भरतोस असं धनाजीनं सांगितलं. तुझ्या सांगलीच्या दुकानात बरोबरीनं राबणारा तुझा धनाजीच. तो आता कराडला असतो आणि मी दिसलो की लांबूनच नमस्कार करून रस्ता ओलांडतो. त्या दिवशी मी त्याला गाठलंच.

बोल्ट मोजतोस हे ऐकून मला काय वाटलं ते लिहितो. बरं वाटलं. 'मोजायला तरी शिकला म्हणायचा,' असं मी धनाजीला तोंडावर बोललो. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला, सांगलीत विश्रामबागेतल्या तुझ्या नव्या दुकानासमोर, पहिल्याच गिऱ्हाइकाची गाडी पेटली, कारण यशराजनं मीटर लावलं नाही. हे एवढं एक वाक्य मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. पाहुण्यारावळ्यांना सांगितलं, माजी सैनिकांच्या बैठकीत सांगितलं, तुझ्या आईच्या दहाव्याला घाटावर, तू माझ्यापासून चार हातांवर ओल्या अंगानं उभा असताना, तुझ्या मामाला सांगितलं. तू ऐकलंस आणि मान खाली घातलीस. वाक्य खरं आहे. तू मीटर लावलं नव्हतंस. मी फौजेत बावीस वर्षं काढलेला माणूस, खोटं बोलत नाही.

मीटर धरायला तुला मी शिकवलं तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. जबलपूरला सिग्नलच्या ट्रेनिंगमध्ये असताना घेतलेलं माझं ते काळं, काट्याचं मीटर. मी तुला तेव्हा सांगितलं होतं, ओहम म्हणजे अडवणूक. वीज वाहायला निघाली की तार तिला किती अडवते त्याचं माप. आणि ते मोजण्याआधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवायची आणि काटा शून्यावर आहे का ते बघायचं. टोकं नुसती टेकली तर अडवायला मध्ये काहीच नाही, म्हणून काट्यानं शून्य दाखवलंच पाहिजे. दाखवत नसेल तर मीटर स्वतःच्या अंगची अडवणूक त्यात मिळवतंय, आणि पुढचं सगळं माप खोटं. अकरा वर्षांचा असताना तू एकदा शून्य न बघताच एका स्पीकरचं माप सांगितलंस. मी तुला मे महिन्याच्या उन्हात अंगणात उभं केलं, मीटर दोन्ही हातांनी डोक्यावर धरायला लावलं आणि बजावलं, हात खाली आले तर जेवण नाही. हात खाली आले. तुझी आई ताटली घेऊन बाहेर आली. मी ती तिच्या हातून घेतली आणि गल्लीतल्या कुत्र्यापुढं पालथी केली. तू रडला नाहीस. हे मी पुढं कितीतरी वर्षं लोकांना कौतुकानं सांगत होतो, पोरगं कसं तयार केलंय बघा म्हणून. तुझी आई तेवढी उठून आत जायची.

दुसरा नियमही तुला पाठ होता. बापानं मोजलेलं असलं तरी स्वतः मोजायचं. तो मी तुझ्याकडून शाळेतल्या पाढ्यासारखा म्हणवून घ्यायचो. आणि तिसरं म्हणजे चिठ्ठी. आपल्या गाळ्यात जी वस्तू जळेल, मोडेल, तिला चिठ्ठी बांधल्याशिवाय माळ्यावर टाकायची नाही. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी: तारीख, माप, कारण, हात. हात म्हणजे कुणाच्या हातून गेली. एका मास्तरांचा रेडिओ फळीवरून पडून फुटला, तो मांजरानं पाडला होता. मीही बघितलं होतं. तू मोठ्या अक्षरात लिहिलंस, 'हात: मांजर'. तुझी आई हसली, आणि खरं तर हसण्यासारखंच होतं. मी ती चिठ्ठी फाडली आणि तुला दुसरी लिहायला लावली, 'हात: यशराज'. रेडिओ तुझ्या ताब्यात दिला होता. ज्याच्या ताब्यात वस्तू, त्याचा हात. तू विचारलंस, 'पण माजा हात व्हता कुठं?' त्यावर मी एक कानाखाली दिली. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस.

पुढं तू आयटीआय केलंस आणि ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवरचे स्पीकर दुरुस्त करत कारखान्याकारखान्यांवर हिंडायला लागलास. मी चारचौघांत म्हणायचो, बापानं सरहद्दीवर वायरलेस जुळवले, पोरगा ट्रॅक्टरवाल्यांचे भोंगे जुळवतोय. लोक हसायचे. तूही हसायचास. एक गोष्ट मात्र मी कुणाला कधी सांगितली नाही. ॲम्प्लिफायरवर जास्त ओझं पडलं की तुला ते नुसतं ऐकून कळायचं. मीटर नाही, काही नाही, मान जरा तिरकी करायचास आणि सांगायचास, 'तात्या, ह्यो दमलाय.' मी मागाहून मोजून बघायचो आणि तुझंच बरोबर निघायचं. मला ते उभ्या आयुष्यात जमलं नाही. सांगितलं असतं तर तू शेफारला असतास, म्हणून सांगितलं नाही. निदान मी स्वतःला तसंच सांगत होतो.

आता त्या दिवसाचं सगळं लिहितो. तुला माहीत आहे, तू तिथंच होतास, पण मी ते माझ्या तोंडून आजवर एकदाही पूर्ण सांगितलेलं नाही. नेहमी अर्ध्यावर थांबतो, जिथं थांबणं मला सोयीचं आहे तिथं. तासगावकडच्या त्या दिग्विजयचं लग्न तोंडावर होतं आणि त्याला नव्या काळ्या स्कॉर्पिओत दोन बारा इंची सबवूफर, म्हणजे खालच्या दणक्याचे मोठे स्पीकर, हवे होते. एकेका सबवूफरला दोन कॉइल, म्हणजे एकूण चार. कार्टनवर छापलं होतं, प्रत्येक कॉइल चार ओहमची. चारही शेजारी शेजारी जोडल्या की अडवणूक चौथ्या हिश्शावर येते, म्हणजे एक ओहम, आणि तू निवडलेला ॲम्प्लिफायर नेमका एक ओहमपर्यंतचं ओझं पेलणारा होता. हिशेब सुबक होता. पण ॲम्प्लिफायरला अक्कल नसते. समोरची अडवणूक कमी झाली की तो जास्त देत जातो, आणखी कमी झाली की आणखी देतो, कुवत संपली तरी देत राहतो आणि जळतो. म्हणून कार्टनवर छापलेल्यावर भरवसा ठेवायचा नाही, कॉइल मोजायची. तुझं आकड्यांचं मीटर तुझ्या हातात होतं. तू मोजायला निघालाच होतास.

आणि मग तू थांबलास. नारळ फुटला होता, पेढे फिरले होते, दिग्विजयच्या घरची तीस-चाळीस माणसं उभी होती. तू सगळ्यांच्या देखत म्हणालास, 'तात्या, दुकानाचं पयलं मीटर तुमच्या हातानं लागू दे.' लोक पुढाऱ्याच्या हातानं फीत कापून घेतात. तू बापाच्या हातानं मीटर लावून घेतलंस. तुझी आई पदरानं डोळे टिपत होती. मी पिशवीतून माझं काळं मीटर काढलं, चष्मा चढवला, कॉइलला टोकं लावली. काटा चारच्या अगदी जवळ, पावणेचारावर जाऊन थांबला. मी परेडवर ओरडावं तसा ओरडलो, 'चार. कार्टन बरुबर हाय.' टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. तू तुझं मीटर ड्रॉवरमध्ये ठेवलंस आणि ड्रॉवर बंद केलास. ते मी बघितलं. दुसरा नियम तुला पाठ होता, पण भरल्या माणसांत बापानं मोजलेलं पुन्हा मोजायचं म्हणजे बापाला खोटं पाडायचं, आणि आपल्याकडं असं कोण करतं. तू नाही केलंस. खरं लिहितो, ड्रॉवर बंद झालेला बघून माझी छाती फुगली.

दहा मिनिटांत ॲम्प्लिफायरचा लाल दिवा लागला आणि आवाज तुटला. तू मान तिरकी केलीस, ऐकलंस, आणि माझ्याकडं बघितलंस. तुला कळलं होतं. दिग्विजयचे दोस्त 'वाढीव की रं' म्हणून कालवा करत होते. मी म्हणालो, 'मी मोजलंय. चालू दे.' दुसऱ्यांदा लाल दिवा लागला तेव्हा तू पुन्हा माझ्याकडं बघितलंस, आणि मी हातानं खूण केली की वाढव. मग मागच्या सीटखालून धूर आला. सगळे मागं पळाले, तू आत शिरलास आणि पेटती वायर उघड्या हातानं ओढून काढलीस. गाडी वाचली. डिकीतला गालिचा गेला, अर्धी सीट गेली, आणि तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. दिग्विजयचे वडील मला म्हणाले, 'लालासाहेब, ह्योच व्हय तुमचा फौजी माल?' तू भाजलेला हात दुसऱ्या हातात धरून उभा होतास. मी तसाच पुढं झालो आणि तुझ्या मुस्काटात मारली. 'मीटर लावायला हात दुखत व्हते का?' असं विचारलं. मला खरंच वाटलं होतं की जोड तूच चुकवलीस. माझ्या मापात खोट असेल हे तिथं कुणाच्याच मनात आलं नाही, माझ्या तर नाहीच. तू एवढंच म्हणायचं होतंस, की तात्या, तुम्ही लावलं होतं. तू म्हणालास, 'चुकलं माजं.'

त्या मुस्काटात मारण्याचा व्हिडिओ सांगलीहून साताऱ्याला माझ्याआधी पोचला. मी एसटीतून उतरलो तेव्हा स्टँडवरचा रिक्षावाला मला तो दाखवत होता, 'काका, हे तुमीच न्हवं का?' म्हणून. मी 'व्हय' म्हणालो, आणि ताठ मानेनं म्हणालो. तुझ्या दुकानात पुढं कोण येणार होतं? नव्या गाडीचा मालक सगळ्यात आधी मोबाईलवर ते बघायचा आणि मिरजेच्या दुकानात जायचा. आठ महिन्यांत तू कुलूप लावलंस. कराडच्या शिवांजलीशी तुझी सुपारी फुटलेली होती, तिच्या वडिलांनी निरोप धाडला की ज्याला सख्खा बाप भर रस्त्यात मारतो त्याच्या घरी आम्ही पोरगी देणार नाही. तो निरोप मी तुला वाचून दाखवला आणि वर म्हणालो, भोग आता. तू त्याच आठवड्यात चाकणला गेलास.

यातलं सगळ्यात वाईट आता लिहितो. त्या दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी रंगुबाईंची इस्त्री बघायला मी पिशवीतून मीटर काढलं आणि सवयीनं दोन्ही टोकं टेकवली. काटा शून्यावर गेलाच नाही, दोनावर थांबला. मागचं झाकण उघडलं, आतला सेल फुटून त्याला पांढरी पूड धरली होती. म्हणजे आदल्या दिवशी ज्या पावणेचाराला मी चार म्हणून ओरडलो होतो त्यातले दोन माझ्या मीटरच्या अंगचे होते आणि उरलेले पावणेदोन कॉइलचे. मीटरवर कॉइल छापल्यापेक्षा जरा कमीच भरते, तेव्हा कार्टनमध्ये दोन ओहमचा माल आला होता. तशा चार कॉइल जोडल्या की राहतो अर्धा ओहम, आणि एक ओहमच्या ॲम्प्लिफायरवर ते दुप्पट ओझं. मी सांगलीत टोकं टेकवून बघितलीच नव्हती. लोक बघत होते, फोटो निघत होता, आणि ज्या चुकीसाठी मी अकरा वर्षांच्या पोराचं ताट कुत्र्याला घातलं ती मी केली होती. तुझी आई चहा घेऊन आली. झाकण उघडं होतं. ती म्हणाली, 'आवं, सेल गेलावता व्हय?' मी म्हणालो, 'व्हय.' ती चहा तिथंच ठेवून आत गेली. मी दुकानातून नवा सेल आणला. जुना टाकून द्यायला हात होईना, म्हणून दाढीच्या सामानाच्या डब्यात ठेवला. तुझं दुकान तेव्हा एका दिवसाचं होतं. मी एक फोन केला असता, दिग्विजयच्या वडिलांना दोन शब्द बोललो असतो, तर ते वाचलं असतं. मला लाज वाटली असं लिहिणं सोपं आहे. खरं तर मला भीती वाटली, की तू मला हसशील. तू हसला नसतास हे मला तेव्हाही माहीत होतं.

तुझ्या आईचं शेवटचं तुला कुणी सांगितलं नसेल, कारण खोलीत मी एकटाच होतो. तू चाकणहून निघाला होतास, खंबाटकी घाटात अडकला होतास. ती शुद्धीवर होती. म्हणाली, 'आवं, आता तरी खरं सांगा. पोरानं मीटर लावलंच न्हवतं?' मला वाटतं, तिला त्या सेलची गोष्ट पहिल्या दिवसापासून कळली होती. रेडिओवाल्याच्या घरात पस्तीस वर्षं काढलेली बाई ती, सेल गेला की मीटर काय करतं हे तिला कळायचं. ती मला एक संधी देत होती. मी म्हणालो, 'न्हाई, न्हवतं लावलं.' शब्दाला शब्द खरं उत्तर. तिनं भिंतीकडं तोंड केलं. तू आलास तेव्हा मी तुला बाहेरच अडवलं आणि उशीर केलास म्हणून ओरडलो, आठवत असेल. तिचे डोळे उघडेच राहिले होते, तू आत येण्याआधी ते मला मिटायचे होते.

आता हे पत्र का, ते. तुझ्या सांगलीच्या गाळ्याचे मालक आप्पासो, त्यांनी माळा साफ केला आणि तुझी उरलेली एक पेटी परवाच्या गुरुवारी एसटीच्या पार्सलनं माझ्याकडं पाठवली. पेटीत ते दोन जळके सबवूफर होते, आणि एकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली होती. लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला चार ओळी. अक्षर लहान मुलासारखं वाकडं, म्हणजे डाव्या हातानं लिहिलेली, उजवा भाजलेला असताना. तारीख, त्याच दसऱ्याची. माप, एक पूर्णांक आठ. कारण, अर्धा ओहम पडला. म्हणजे सगळे गेल्यावर तू ड्रॉवर उघडलास, तुझं मीटर काढलंस आणि वाचलेली कॉइल मोजलीस. मी मारलेल्या थपडेचा वळ गालावर असतानाच तुला कळलं होतं की माझं माप खोटं होतं. मी ते तुझ्यापासून तीन वर्षं लपवतोय असं समजत होतो, आणि तू माझ्याआधी एक दिवस ते जाणून होतास. दुकान गेलं, शिवांजली गेली, घाटावर मी तुझ्या मामाला ते वाक्य ऐकवलं, तरी तू बोलला नाहीस. चिठ्ठी वाचून मला आधी काय झालं असेल? राग आला. ह्यानं माझ्यावर दया केली, असं वाटून मी उठलो, थिनरचा बोळा आणला, अक्षरं पुसायला. मग चौथी ओळ वाचली. जी चिठ्ठी कुणीच वाचणार नव्हतं, जी माळ्यावर धूळ खात पडायची होती, तीतही तू लिहिलं होतंस, 'हात: यशराज'. वस्तू तुझ्या ताब्यात होती ना. मी तुझं नाव खोडलं आणि खाली माझं लिहिलं, लालासाहेब. तो सबवूफर चिठ्ठीसकट पुढच्या खोलीत दारासमोर ठेवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लावतो. काल रंगुबाईंनी वाचली, आज माजी सैनिकांच्या बैठकीतले चौघं येऊन वाचून गेले आणि चहा न घेता उठले. उद्या तासगावला दिग्विजयच्या वडिलांकडं जाणार आहे, कराडला शिवांजलीच्या वडिलांकडंही जाईन, तिचं आता लग्न झालंय तरी. या पाकिटात तो जुना सेल घातलाय. मी सांगतोय म्हणून खरं धरू नकोस, तुझ्या मीटरनं बघ. तू घरी ये असं मी लिहिणार नाही, आलास तर मी दारातच ओरडेन की यायला एवढा उशीर का केलास. एवढं सगळं केलं, तरी तुझ्या आईनं विचारलं तेव्हा मी 'न्हवतं लावलं' म्हणालो, आणि ती ते ऐकून गेली.

तुझाच,
तात्या